भरतीबरोबर येणारी मैत्रीण : ‘व्हेन मार्नी वॉज देअर’

मुलांसाठी लिहिलेल्या भुताच्या गोष्टीची परीक्षा बहुतेक पालक एकाच प्रश्नाने घेतात : रात्री दिवा मालवल्यावर मूल हाक मारील का? जोन जी. रॉबिन्सन यांच्या ‘व्हेन मार्नी वॉज देअर’ या कादंबरीला हा प्रश्न लावला, तर उत्तर थोडे अडचणीचे येते. मूल हाक मारील, पण भुताला भिऊन मारणार नाही. या पुस्तकात खाडीकाठचे जुने घर आहे, ओसाड पवनचक्की आहे, रात्रीच्या पाण्यावर एकटीच जाणारी होडी आहे, आणि भूत म्हणता येईल अशी एक मुलगीही आहे. मात्र वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो तो आपले माणूस आपल्याला झोपेत टाकून निघून जाईल या शंकेने. असल्या भीतीची गोष्ट दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सांगण्याचे धाडस लेखिकेने 1967 साली केले. पुस्तक आज वाचतानाही ते धाडस शिळे वाटत नाही.

मी हे पुस्तक दोनदा वाचले. पहिल्या वेळी मार्नी कोण हे कळेपर्यंत पाने भराभर उलटली गेली. दुसऱ्या वेळी रहस्य ठाऊक असल्यामुळे लक्ष पाण्याकडे गेले, आणि तेव्हा असे ध्यानात आले की समुद्रकिनाऱ्यावर घडणाऱ्या अनेक भूतकथांमध्ये समुद्र हा केवळ मागचा पडदा असतो, इथे मात्र भुताला येण्याजाण्याची सोय भरती-ओहोटीनेच करून दिली आहे. मार्नी कोण ते मी या लेखात सांगणार नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा किंवा चित्रपटाच्या जाहिरातींतला मजकूरही मुलांनी आधी वाचू नये, अशी माझी सूचना आहे.

कथा अ‍ॅना नावाच्या मुलीची आहे. तिचे आईवडील हयात नाहीत आणि लंडनमधले प्रेस्टन दांपत्य तिचा सांभाळ करते. तिला दमा आहे. शाळेतल्या बाईंचे म्हणणे असे की ही मुलगी प्रयत्नच करत नाही. अ‍ॅनाने स्वतःपुरता एक सिद्धांत मांडलेला आहे : जगातली माणसे एका अदृश्य रिंगणाच्या आत असतात, आणि काही थोडी, जशी ती स्वतः, बाहेर. आतल्यांना पार्ट्या असतात, जिवलग मैत्रिणी असतात, आणि बाहेरच्याला काहीच नसते. बाहेर असण्याचे तिला दुःख होते असेही नाही, निदान ती तसे दाखवत नाही. चेहऱ्यावर कोणताच भाव उमटू न देण्याची कला तिने साध्य केली आहे, आणि मोठ्यांनी काय विचार करतेस म्हणून विचारले की तिचे उत्तर ‘काही नाही’ असे असते. मुले ‘काही नाही’ म्हणतात तेव्हा सहसा ते खोटे असते. अ‍ॅनाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण कशाचाच विचार न करता तासन्‌तास पडून राहण्याचा तिने सराव केला आहे. पुस्तकाची पहिली काही प्रकरणे हा सराव इतक्या शांतपणे दाखवतात की घाईच्या वाचकाला गोष्ट सुरूच होत नाही असे वाटेल. तिथे पुस्तक मिटू नये.

हवापालट म्हणून अ‍ॅनाला इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्याच्या किनाऱ्यावरील लिटल ओव्हर्टन या गावी पेग नावाच्या वयस्कर जोडप्याकडे पाठवण्यात येते. गाव काल्पनिक आहे, पण त्यामागे उत्तर नॉरफोकमधले बर्नहॅम ओव्हरी स्टेथ हे खरे गाव आहे. रॉबिन्सन यांचे कुटुंब तिथे सुट्टीला जात असे. त्यांच्या मुलीने पुढे सांगितलेली हकिकत अशी की एका संध्याकाळी खाजणातून परत येताना रॉबिन्सन यांना खाडीकाठचे घर आसपासच्या रंगात विरघळून नाहीसे झाल्यासारखे दिसले, थोड्या वेळाने मावळतीच्या उजेडात ते पुन्हा प्रकटले, आणि त्याच्या एका खिडकीत केस विंचरून घेत बसलेली लहान मुलगी त्यांच्या नजरेस पडली. कादंबरीचे सगळे बीज या दृश्यात आहे. घर हलले नाही, मुलगीही खरीच होती, फक्त उजेड बदलला. पुस्तकातले भूतही याच जातीचे आहे. ते साखळ्या वाजवीत येत नाही आणि भिंतीतून आरपारही जात नाही. कधी ते दिसते आणि कधी दिसत नाही, एवढेच.

या किनाऱ्याची रचना समजून घेतली तर कादंबरीची रचना समजते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. उत्तर नॉरफोकचा किनारा म्हणजे लाटा फुटणारी सरळ पुळण नव्हे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खाजणाचा रुंद पट्टा पसरलेला आहे, त्यात खाड्यांचे वेडेवाकडे फाटे शिरलेले आहेत, आणि त्याच्याही पलीकडे वाळूच्या टेकड्या व नंतर उघडा समुद्र. ओहोटीला खाडीच्या जागी चिखल आणि मधोमध पाण्याची बारीक धार उरते, होड्या कुशीवर कलंडलेल्या असतात, आणि गुडघाभर पाण्यातून माणूस पलीकडच्या काठाला चालत जाऊ शकतो. काही तासांनी तीच जागा काठोकाठ भरते आणि मघाशी जिथे पाऊल उमटले होते तिथून होडी जाते. दिवसातून साधारण दोन भरत्या येतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल संध्याकाळी जे पाणी दाराशी होते, ते चार दिवसांनी त्याच वेळी तिथे नसते. पौर्णिमा आणि अमावस्येच्या सुमारास उधाणाची भरती येते तेव्हा एरवी कोरडे असणारे खाजणही पाण्याखाली जाते. सर्वांत फसवी गोष्ट अशी की पाणी समुद्राच्या बाजूने भिंतीसारखे येत नाही. ते आधी खाडीच्या फाट्यांमधून गुपचूप मागे शिरते, आणि मधल्या उंचवट्यावर बसलेल्या माणसाला आपण वेढले गेलो हे परतीची वाट बंद झाल्यावर कळते.

अशा जागेला जमीन म्हणावे की समुद्र, हे घड्याळ पाहूनच ठरवावे लागते. रॉबिन्सन यांनी भूतकथेसाठी हीच जागा निवडली आणि तिच्या नियमांशी त्या शेवटपर्यंत प्रामाणिक राहिल्या, याला मी या पुस्तकाचे सर्वांत मोठे यश मानतो. अ‍ॅनाला पहिल्यांदा दिसते ते ‘मार्श हाउस’ हे घर. ते खाडीच्या पाण्याला तोंड करून उभे आहे, आणि आपण इतके दिवस नकळत जे शोधत होतो ते हेच, असे तिला पाहताक्षणी वाटते. घर रिकामे असल्यासारखे दिसते. पुढे भरतीच्या एका रात्री काठाशी एक छोटी होडी तिला आपल्याचसाठी ठेवल्यासारखी सापडते, ती त्यात बसते, होडी घराच्या पायऱ्यांशी लागते आणि तिथे फिकट रंगाच्या झग्यातली, सोनेरी केसांची एक मुलगी उभी असते. ती मार्नी. पहिल्याच भेटीत दोघींनाही समोरची खरी आहे की नाही याची शंका येते. लेखिकेने ही शंका दोन्ही बाजूंनी ठेवली, हे फार सुंदर केले आहे. भूतकथेत जिवंत माणूस भुताकडे पाहून दचकतो हे ठरलेले असते, पण इथे भूतही जिवंत मुलीकडे पाहून चाचपडते, आणि मग कोण कोणाच्या स्वप्नात शिरले आहे हा प्रश्न वाचकापाशी राहतो.

दोघींची मैत्री ज्या पद्धतीने वाढते ती पद्धत मुलांच्या लेखकांनी अभ्यासण्याजोगी आहे. त्या एकमेकींना सगळे एकदम सांगत नाहीत. प्रश्न मोजून विचारायचे, उत्तरे खरी द्यायची, आणि भेटीची गोष्ट तिसऱ्या कोणाला सांगायची नाही, असा त्यांचा करार होतो. ज्या मुलीने आजवर कोणालाच काही सांगितले नाही तिच्यासाठी ही व्यवस्था अगदी योग्य आहे, कारण प्रश्न मोजके असले की उत्तर द्यायची भीती कमी होते. भेटी संध्याकाळी, रात्री, पहाटे, कधी पाण्यावर, कधी वाळूच्या टेकड्यांत होतात. मार्नी मध्येच नाहीशी होते आणि अ‍ॅना तिला शोधत राहते. यावर पुस्तक कोणतेही स्पष्टीकरण देत नाही. खाजणात राहणाऱ्याला मघाशी इथे असलेले पाणी आता का नाही असे विचारण्याची गरज वाटत नाही, आणि त्या गावात महिनाभर राहिलेल्या वाचकालाही मार्नीबद्दल ती वाटेनाशी होते.

अ‍ॅनाच्या मनातली खरी गाठ सुटते तीही मार्नीपाशीच. आपला सांभाळ करण्यासाठी प्रेस्टन दांपत्याला सरकारकडून पैसे मिळतात, हे तिला एका पत्रावरून कळलेले असते. श्रीमती प्रेस्टन तिच्यावर माया करतात, काळजी तर इतकी करतात की ती अंगावर येते, पण पैशांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि न बोलल्यामुळेच अ‍ॅनाला सारी माया खोटी वाटू लागली आहे. लहान मुलांच्या पुस्तकात एवढी नेमकी, हिशेबाच्या भाषेतली जखम मी क्वचित पाहिली आहे. आईवडील आणि आजी मरण पावल्याबद्दलही ती त्यांच्यावर रागावलेली आहे, जणू ते तिला मुद्दाम टाकून गेले. मोठ्या माणसाला हा राग अन्यायकारक वाटेल, पण मुलाच्या मनाला तो अगदी रास्त असतो. लेखिका या रागाला उपदेशाने गप्प करत नाही. ती तो तसाच राहू देते आणि त्याच्यासमोर मार्नीला उभी करते. मार्नीपाशी घर आहे, देखणे आईवडील आहेत, नोकरचाकर आहेत, म्हणजे अ‍ॅनाच्या सिद्धांताप्रमाणे ती रिंगणाच्या ऐन मध्यावर असायला हवी. तिचे आईवडील बहुतेक वेळ दूर असतात, आणि मागे दाई व मोलकरणी तिला कसे वागवतात हे हळूहळू बाहेर येते, तेव्हा अ‍ॅनाच्या रिंगणाला पहिला तडा जातो.

वाचताना अंगावर काटा येईल असे एकच प्रकरण या पुस्तकात आहे, ते पवनचक्कीचे. मार्नीला लहानपणापासून पवनचक्कीची धास्ती घालण्यात आली आहे : ऐकले नाहीस तर तिथे कोंडून ठेवू. बर्नहॅम ओव्हरीजवळ एकोणिसाव्या शतकातली अशी एक बुरुजासारखी पवनचक्की आजही उभी आहे, आणि सपाट खाजणातून कुठूनही पाहिले तरी ती दिसत राहते हे लक्षात घेतले, तर त्या मुलीला रोज खिडकीतून काय पाहावे लागत असेल याची कल्पना येते. वादळी संध्याकाळी मार्नी आपली भीती मोडून काढण्यासाठी एकटीच तिथे जाते, माळ्यावर चढते आणि भीतीने थिजून बसते. अ‍ॅना तिथे पोहोचते तेव्हा एक अंधारी जागा, खाली जाणारी शिडी आणि हलूही न शकणारी मैत्रीण एवढेच तिच्यासमोर असते. या प्रसंगात भूत भीतीने गोठले आहे आणि जिवंत मुलगी त्याला धीर देते आहे, ही उलटापालट वाचताना जाणवतही नाही इतकी ती सहज झाली आहे. त्यानंतर जे घडते तेच माझ्या मते पुस्तकातले सर्वांत क्रूर पान. दोघी एकमेकींना बिलगून झोपतात, अ‍ॅनाला जाग येते, आणि मार्नी तिथे नसते. दुसरे कोणी येऊन तिला घेऊन गेले आहे. अ‍ॅना पुन्हा एकदा मागे राहिली आहे.

मार्नी पुढे खिडकीतून तिची क्षमा मागते. अ‍ॅना भरपावसात, चढत्या पाण्यात उभी राहून ती देते. मुलांच्या पुस्तकांत क्षमा बहुधा शेवटच्या पानावर, सगळे मिटल्यावर येते. इथे ती मध्यावर आली आहे, कारण न कळताच दिली आहे : मार्नी का गेली हे अ‍ॅनाला ठाऊक नाही, तरीही ती क्षमा करते. आणि मग भरती आपले काम करते. खाडीत अडकलेल्या अ‍ॅनाला बाहेर काढणारा माणूस म्हणजे वन्टरमेनी वेस्ट हा जवळजवळ न बोलणारा म्हातारा कोळी.

या माणसाच्या नावाबद्दल थोडे विषयांतर करतो. भरपूर भावंडांमागून जन्मल्यामुळे आईने त्याला ‘एक जास्तीचे’ (वन टू मेनी) म्हटले, आणि ते इंग्रजी शब्द नॉरफोकच्या बोलीत झिजून त्याचे नाव होऊन बसले. मराठी वाचकाला ही कोटी समजावून सांगावी लागेल, पण तिच्यातली कळ समजावावी लागणार नाही, कारण ‘नकुशी’ हे नाव आपल्याला ठाऊक आहे. पुढेमागे या कादंबरीच्या मराठी अनुवादाचा विचार करणाऱ्याने या नावावर आठवडाभर घालवला तरी तो वेळ सत्कारणी लागेल. नको असलेले मूल म्हणून नाव पडलेल्या म्हाताऱ्याने, आपण कोणालाच नको आहोत अशी खात्री असलेल्या मुलीला पाण्यातून बाहेर काढावे, ही जुळणी लेखिका एका शब्दानेही अधोरेखित करत नाही. अ‍ॅनालाही मोठ्या माणसांमध्ये सर्वांत सुसह्य वाटतो तो हाच, कारण तो काही विचारत नाही. त्याच्या होडीतून दोघे मुकाट्याने जातात येतात, आणि ही पाने कथेत काहीच न घडवताही वाचनीय आहेत. पेग दांपत्यही असेच आहे. त्यांना अ‍ॅनाबद्दल फारशी चौकशी नाही, वेळेवर खायला घालणे आणि बाकी तिला मोकळे सोडणे एवढेच ते करतात. श्रीमती प्रेस्टन यांच्या रात्रंदिवस काळजीने जे साधले नव्हते ते या मोकळिकीने कसे साधते, हे प्रत्येक पालकाने थोडे चडफडत वाचावे असे आहे.

आता उत्तरार्धाविषयी. मार्नी निघून गेल्यावर पुस्तक जवळजवळ नव्याने सुरू होते. मार्श हाउस लिंडसे नावाचे कुटुंब विकत घेते आणि त्यांची पाच मुले खाजणात धुमाकूळ घालू लागतात. पहिल्या भागातल्या धूसर, दोनच माणसांच्या जगातून आपण एकदम गजबजलेल्या घरात येतो. हा बदल अनेक वाचकांना खटकेल, आणि पहिल्या वाचनात मलाही खटकला होता. भूत गेले, मग आता उरले काय, असे वाटते. मात्र हा भाग नसता तर कादंबरी एका एकाकी मुलीच्या कल्पनाविलासाची करुण कहाणी होऊन थांबली असती. लिंडसे मुलांपैकी सिला या मुलीला घरात एक जुनी रोजनिशी सापडते, ती अ‍ॅनालाच मार्नी समजून बसते, आणि रोजनिशीतल्या नोंदी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या आहेत हे मुले तर्काने काढतात, तेव्हा मागचे प्रत्येक प्रकरण वेगळ्या उजेडात दिसू लागते. रॉबिन्सन यांना त्या संध्याकाळी जे घर आधी विरलेले आणि मग उजळलेले दिसले होते, त्याचीच ही कादंबरीतली आवृत्ती म्हणता येईल. शिवाय ज्या मुलीला रिंगणाची धास्ती होती तिला पाच भावंडांच्या गोंगाटात जागा मिळताना पाहणे हे भुताच्या भेटीइतकेच उत्कंठा वाढवणारे आहे. मार्नी ही खरोखर भूत होती की अ‍ॅनाच्या मनाने कुठल्या तरी धाग्यांवरून विणलेली आकृती, हे लेखिकेने ठरवून टाकलेले नाही. दोन्ही वाटांनी गेले तरी पुस्तक उभे राहते.

दोष नाहीत असे नाही. सर्वांत मोठा दोष शेवटाकडे आहे. गिली नावाच्या वृद्ध चित्रकर्तीच्या तोंडून सारा पूर्वेतिहास वदवून घेतला आहे, आणि तो एका बैठकीत, इतका सविस्तर, की आजवर पाण्यासारखी आतबाहेर करणारी गोष्ट अचानक वर्गातल्या पाठासारखी सरळ होते. जी लेखिका खाडीतल्या वन्टरमेनीला दहा शब्दांत उभा करते, तिने मार्नीचे पुढचे सारे आयुष्य संवादात कोंबावे याचे आश्चर्य वाटते. त्या इतिहासातली सामग्री अस्सल आहे, त्यात दुसऱ्या महायुद्धात दूरदेशी पाठवलेल्या मुलांचे आणि परतल्यावर आईशी न जुळलेल्या नात्यांचे जे दुःख येते ते मन विषण्ण करते, पण ते सांगितलेले आहे, घडताना दिसत नाही. योगायोगही भरपूर आहेत. भूतकथेत एक मोठा योगायोग वाचक आनंदाने पचवतो, दुसऱ्याला तो मान हलवतो, तिसऱ्याला मात्र थोडा ढकलावा लागतो.

मार्नीच्या घरातल्या दाई आणि मोलकरणी केवळ दुष्ट आहेत, त्यांना दुसरी बाजू नाही. पार्टीच्या प्रसंगात अ‍ॅना शाल गुंडाळून, खाजणातली जांभळी फुले विकणारी भटकी मुलगी म्हणून श्रीमंत पाहुण्यांसमोर उभी राहते. प्रसंग मोहक आहे, तिथला दिव्यांचा आणि फुलांचा रंग मनात राहतो, पण भटक्या समाजाकडे पाहण्याची जी नजर त्यात आहे ती साठच्या दशकातली आहे आणि मुलांबरोबर वाचताना त्यावर दोन शब्द बोलावे लागतील. अ‍ॅना गावातल्या सँड्रा या मुलीला तिच्या जाडेपणावरून जे बोलते तेही असेच. मात्र तिथे लेखिका अ‍ॅनाची बाजू घेत नाही, हे नोंदवले पाहिजे. सँड्राने दिलेले प्रत्युत्तर वरवर पाहता निरर्थक आहे : तू जशी आहेस तशीच दिसतेस, एवढाच त्याचा आशय. यात शिवी कुठली, असे कोणीही विचारील. स्वतःचा चेहरा कोराच ठेवण्याची सवय लावून घेतलेल्या मुलीला ते इतके का लागते हे ज्या वाचकाला कळेल, त्याला सबंध अ‍ॅना कळली.

पहिल्या आवृत्तीची चित्रे पेगी फोर्टनम यांची आहेत. इंग्रजी बालकथांतल्या पॅडिंग्टन अस्वलाची सुरुवातीची रेखाचित्रे काढणाऱ्या त्या याच. त्यांची रेघ उतावळी, अर्धवट सोडलेली असते, आणि ज्या कथेत आकृती पुरती दिसण्याआधीच विरते तिला ही रेघ शोभते. रॉबिन्सन स्वतःही चित्रकार होत्या आणि टेडी रॉबिन्सन या अस्वलाच्या बालकथांची चित्रे त्यांनीच काढली होती. त्या खेळकर, लहानग्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या हाताने ही कादंबरीही लिहिली, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावाचून पटत नाही.

अनेकांना हे नाव चित्रपटामुळे ठाऊक असेल. जपानच्या स्टुडिओ घिब्लीने 2014 मध्ये हिरोमासा योनेबायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली यावर सचेतपट काढला आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. त्याआधी घिब्लीचे सहसंस्थापक, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी शिफारस केलेल्या पन्नास बालपुस्तकांत या कादंबरीचा समावेश होता. चित्रपटाने कथा नॉरफोकवरून जपानच्या होक्काइदो बेटावर नेली, आणि पवनचक्कीच्या जागी सायलो, म्हणजे धान्य-चारा साठवण्याचा मनोरा, आणला. स्थलांतर यशस्वी झाले आहे, कारण भरती-ओहोटीचा चिखलाळ किनारा त्यांनी सोडला नाही. खाजणावर पाणी चढतानाची दृश्ये तर पुस्तकापेक्षाही प्रत्ययकारी आहेत. मात्र चित्रपटातल्या अ‍ॅनाच्या हाती चित्रकलेची वही दिली आहे, आणि तिथेच पुस्तकातली मुलगी हातची निसटते. चित्रे काढणारी मुलगी एकटी असली तरी तिच्यापाशी काहीतरी असते. पुस्तकातल्या अ‍ॅनापाशी काहीच नाही, वाळूत पालथे पडून काहीच न करणे हाच तिचा छंद आहे, आणि अशा पूर्ण रिकाम्या मनातच मार्नीसारखी पाहुणी येऊन राहू शकते. आधी पुस्तक, मग चित्रपट, असा क्रम मुलांनी ठेवावा.

वाचकवर्गाबद्दल थोडे. इंग्रजी वाचनाची सवय असलेली दहा वर्षांपुढची मुले हे पुस्तक स्वतः वाचू शकतील. वाक्ये साधी आहेत, अडचण येते ती नॉरफोकच्या बोलीतल्या संवादांची, आणि ते मोठ्याने वाचले तर बरेचसे उलगडतात. सारख्या घडामोडी हव्या असणाऱ्या मुलाला हे पुस्तक देऊ नये. जी मुले वाढदिवसाच्या गर्दीत भिंतीशी उभी राहतात त्यांना ते न मागता द्यावे. दत्तक किंवा सांभाळासाठी आलेले मूल घरात असेल, तर मोठ्यांनी आधी स्वतः वाचून मग निर्णय घ्यावा, कारण पैशांच्या पत्राचा भाग फार थेट आहे. शेवटाकडे श्रीमती प्रेस्टन गावात येतात आणि त्या पैशांबद्दल स्वतःहून बोलतात. इतकी पाने ज्या बाईंची काळजी अ‍ॅनाच्या नजरेतून कटकटीची वाटत आली, त्यांना हे बोलणे किती जड गेले असेल हे तिथे दिसते, आणि पैसे मिळत असूनही माया खरी असू शकते ही गोष्ट अ‍ॅनाबरोबर वाचणाऱ्या मुलालाही तिथेच उमगते.

रोज रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावी की पवनचक्कीच्या प्रकरणावर त्या दिवसाचे वाचन थांबवू नये. उशीर झाला तरी खिडकीतल्या क्षमेपर्यंत जावे आणि मगच दिवा मालवावा.